दिवाळीची तयारी आषाढात

आषाढ निम्म्याहून अधिक सरला आहे. एकादशी होऊन चातुर्मास लागल्यामुळे लग्नाच्या वराती थांबल्या आहेत, पाऊस भिजवतो पण गडगडत नाही, आणि बेंदराच्या दिवशी वाजलेला ताशा सोडला तर आमच्या सांगलीच्या गावभागात या पंधरवड्यात कानठळ्या बसवणारा आवाज झालेला नाही. आवाजाला घाबरणारे कुत्रे ज्यांच्या घरी आहे, त्यांच्यासाठी वर्षातील सर्वांत मोलाचे दिवस हेच आहेत. गणपतीला सहा आठवडे उरले आहेत आणि दिवाळीला तीन महिन्यांहून थोडे अधिक. दरवर्षी वसुबारसेच्या आसपास ओळखीच्या लोकांचे फोन येतात आणि सोनीसाठी आम्ही काय करतो ते विचारतात. दरवर्षी मला त्यांना सांगावे लागते की, जे मुळातून करायचे होते त्याची वेळ निघून गेली आहे, आता ते चार दिवस निभावून नेणे एवढेच हाती उरले आहे. म्हणून या वर्षी आधीच लिहीत आहे.

सोनी ही आमची गावठी कुत्री, आता सहाव्या वर्षात आहे. तिचा जन्म तासगावजवळच्या एका द्राक्षबागेतला. घडांत साखर भरू लागली की बागेवर पाखरे उतरतात आणि ती हाकण्यासाठी डबे बडवले जातात, फटाके लावले जातात. पिल्लू ३ आठवड्यांचे झाल्यापासून साधारण १२ ते १४ आठवड्यांचे होईपर्यंतचे दिवस त्याचे जग ओळखण्याचे असतात. त्या काळात जे हळुवारपणे भेटते ते पुढे आपले वाटते आणि जे दचकवून जाते त्याची धास्ती मनात राहते. सोनीचे ते दिवस नेमके पाखरे हाकण्याच्या हंगामात गेले. भित्रेपणाचा काही भाग रक्तातूनही येतो, त्यामुळे सगळा दोष मी बागेवर टाकत नाही. पण चार महिन्यांची असताना ती घरी आली तेव्हाच कुकरच्या शिट्टीला ती पलंगाखाली जात असे आणि आम्ही ते कौतुकाने पाहत असू. ते कौतुक नव्हते, ती सूचना होती, हे समजायला आम्हाला दोन दिवाळ्या लागल्या.

दुसऱ्या दिवाळीला, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, मी पूजेचे ताट घेऊन आत वळले तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी कोणीतरी लांबलचक माळ लावली. बाहेर येऊन पाहते तो तुळशीवृंदावनापाशी साखळी पडलेली आणि तिच्या टोकाला सोनीचा पट्टा, बकल न सुटता, तसाच गोल. मान आक्रसून, अंग मागे रेटून ती त्यातून निसटली होती. रात्री एक वाजेपर्यंत आम्ही तिघे हाका मारत फिरलो. पाडव्याच्या दुपारी ती कृष्णेच्या घाटावर, उलटी घालून ठेवलेल्या एका होडीखाली सापडली. पंजांच्या गाद्या सोलून निघाल्या होत्या आणि हाक ऐकूनही ती बाहेर आली नाही. माझ्या यजमानांना पोटावर सरपटत आत जावे लागले. त्या दिवसाची आठवण झाली की अजूनही माझ्या हाताला घाम येतो.

त्यानंतर जे झाले ते अधिक खेदाचे आहे, कारण ते आम्ही जाणूनबुजून केले. ‘सवय होऊ दे, म्हणजे भीती मोडेल’ असे अनेकांनी सांगितले, आणि पुढच्या गणपतीत, ढोल-ताशाचे पथक घराजवळून जात असताना, मी तिला आवळून धरून सज्जात बसवले. ती झटली नाही, भुंकली नाही, अगदी गप्प बसून राहिली. मला वाटले, जमले. प्रत्यक्षात ती थिजली होती. त्यानंतरच्या आठवड्यात तिला गॅसच्या लायटरचा खटका, गच्चीवर गादी झटकल्याचा आवाज, इतकेच काय, सज्जाचे दार उघडल्याचा आवाजही सोसवेना. भीतीला जेव्हा पळवाट उरत नाही तेव्हा ती कमी होत नाही, ती आजूबाजूच्या वस्तूंना चिकटते. एवढी एकच गोष्ट कोणी या लेखातून घेतली तरी चालेल: भ्यालेल्या कुत्र्याला आवाजासमोर बांधून ठेवू नका.

पशुवैद्यांकडे गेलो तेव्हा त्यांनी फटाक्यांविषयी काही विचारण्याआधी सोनीला अंगणात चालवून पाहिले, मागच्या पायांचे सांधे हलवून पाहिले आणि दोन्ही कान तपासले. असे का, ते त्यांनी समजावून सांगितले. दुखणाऱ्या कुत्र्याला दचकणेही दुखते. आवाजाने अंग आखडले की सांध्यात कळ येते, आणि मग आवाज आणि कळ यांची गाठ बसते. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये आवाजाला घाबरणाऱ्या २० कुत्र्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या होत्या. त्यांपैकी ज्या १० कुत्र्यांना स्नायू किंवा सांध्यांचे दुखणे होते, त्यांच्यात आवाजाची भीती बरीच उशिरा, वाढत्या वयात सुरू झाल्याचे आढळले. वर्षानुवर्षे दिवाळी शांतपणे काढणारे कुत्रे सहाव्या-सातव्या वर्षी अचानक घाबरू लागले, तर स्वभाव बदलला असे म्हणण्याआधी त्याचे पाय आणि पाठ तपासून घ्यावी. सोनीचे सांधे चांगले होते. तिची भीती जुनीच होती.

त्या भीतीची मोजणी आपल्याला करता येत नाही, पण थोडा अंदाज करता येतो. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचे. शिवाय आपल्या कानाला जेमतेम लागणारा बारीक आवाजही त्याला दुरून कळतो. आपल्याकडील नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपर्यंत आवाज करणाऱ्या फटाक्याला मुभा आहे. डेसिबलच्या मोजपट्टीत दर १० ला आवाजाची तीव्रता दहापट होते. म्हणजे ५५ आणि १२५ यांतला फरक दिसायला ७० चा असला तरी प्रत्यक्षात तो एक कोटी पटीचा आहे. गावभागातल्या बोळांत तो आवाज भिंतीवरून भिंतीवर आदळत येतो, त्यामुळे तो कुठून आला हेही कळत नाही. आपण वात पेटलेली पाहतो, कान झाकतो, क्षण मोजतो. कुत्र्याला यांपैकी काहीच मिळत नाही.

आता त्या सल्ल्याविषयी, जो जवळपास प्रत्येक घरात दिला जातो. ‘तिला कुरवाळू नकोस गं, लाड केलेस तर अजून भित्री होईल,’ असे माझ्या सासूबाई म्हणत. त्यांचा हेतू चांगला होता आणि मीही दोन वर्षे ते ऐकले. सोनी थरथरत माझ्या पायाशी आली की मी तोंड फिरवून भांडी घासत राहत असे. हा सल्ला चुकीचा आहे, हे मी आता खात्रीने सांगते. बक्षीस दिल्याने कृती वाढते, हे खरे. बसल्यावर खाऊ दिला तर कुत्रे पुन्हा पुन्हा बसेल. पण भीती ही कृती नव्हे. ती कोणी मिळकतीसाठी करत नाही, म्हणून मायेने ती फळफळतही नाही. विजेच्या कडकडाटात आईच्या कुशीत शिरलेले मूल त्या कुशीमुळे जास्त घाबरट होत नाही. अट एकच आहे, की जवळ यायचे की नाही हे कुत्र्याने ठरवावे. ते आले तर मानेपासून पाठीवर सावकाश, दाबून हात फिरवावा आणि बोलायचेच असेल तर रोजच्या आवाजात बोलावे. घाईघाईने थोपटणे आणि ‘काय झालं, काय झालं’ असा कातर स्वर यांमुळे आपलाच धीर सुटल्याचे त्याला कळते. ते कोपऱ्यात जाऊन बसले तर मागे जाऊन ओढून मांडीवर घेऊ नये.

सरावाचे काम शांत दिवसांतच होते. पद्धत जुनी आहे आणि तिचे मूळ रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या प्रयोगांत आहे: खाण्याआधी नेमाने एखादा आवाज ऐकू आला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. आपल्याला तेच हवे आहे, फक्त ज्या आवाजाने आज छाती धडधडते त्या आवाजाने. मी मोबाईलवर फटाक्यांचे आणि ढोल-ताशाचे आवाज साठवून घेतले आणि छोट्या स्पीकरवर ते मला स्वतःला मुश्किलीने ऐकू येतील इतके हळू लावून सुरुवात केली. हाताशी मीठ-मसाला न घालता उकडलेल्या कोंबडीचे हरभऱ्याएवढे तुकडे ठेवते. हे तुकडे तिला एरवी कधीही मिळत नाहीत. आधी आवाज, मग लगेच तुकडा. हा क्रम उलटू देऊ नये. खाऊ दाखवून मग आवाज केला, तर आठवडाभरात कुत्रे खाऊचा डबा पाहूनच पळू लागते. सोनीच्या बाबतीत पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून हे झाले आणि डबा बदलावा लागला.

एका वेळी पाच मिनिटे, दिवसातून एकदा, आठवड्यातून एक दिवस सुट्टी. नजर तिच्या तोंडावर ठेवावी लागते. झोप आलेली नसताना जांभई, खाणे नसताना ओठांवरून जीभ फिरवणे, कान मागे चिकटणे, डोळ्याचा पांढरा भाग कडेने दिसणे, थंडी असताना धाप लागणे, या खुणा थरथरण्याच्या कितीतरी आधी दिसतात, आणि त्यांपैकी एकही दिसली तर आवाज दोन पायऱ्या खाली आणून, एक-दोन तुकडे देऊन, त्या दिवसापुरते थांबते. पहिल्या वर्षी स्पीकरचा आकडा १ वरून २ वर न्यायला मला बारा दिवस लागले. घाई करण्याचा मोह तिसऱ्या आठवड्यात होतो, कारण तोवर कुत्रे आवाजाला शेपूट हलवू लागलेले असते. त्या आठवड्यात मी मुद्दाम एक आकडा खाली येते.

या सरावाची मर्यादाही सांगायला हवी. छोट्या स्पीकरमधून सुतळी बॉम्बचा दणका येत नाही. जमिनीतून पायांना जाणवणारी थरथर तर अजिबातच येत नाही. वळवाच्या वादळाचे तर आणखी कठीण आहे. वैशाखात दुपारी आभाळ भरून येते, वारा सुटतो, धूळ उडते, मातीचा वास येतो, आणि सोनीच्या लेखी गडगडाटाची सुरुवात तिथूनच झालेली असते. वारा आणि वास काही मोबाईलवर साठवता येत नाहीत. म्हणून वादळासाठी आम्ही सरावावर विसंबून राहत नाही. आभाळ काळवंडले की जे कोणी घरी असेल ते काम सोडून तिच्यासोबत कोठीत जाते.

ही कोठीची खोली तिनेच निवडली. आम्ही आधी बाजारातून गुबगुबीत बिछाना आणून हॉलच्या कोपऱ्यात मांडला होता. ती त्यावर एकदाही बसली नाही. आवाज झाला की ती धान्याच्या कणगीमागे जाऊन बसे, कारण आमच्या जुन्या घरातली ती एकच खोली रस्त्यापासून आत आहे, तिच्या भिंती दीड हात रुंद आहेत आणि तिला एकच झरोका आहे. मग आम्ही तिचे ऐकले. कणगी पुढे ओढून मागे जागा केली, सासूबाईंची जुनी गोधडी खाली घातली, झरोक्याला दुसरी गोधडी टांगली, आणि एक टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून ठेवला, कारण त्याची एकसारखी घरघर बाहेरचे मधले-मधले आवाज झाकते. पाण्याचे भांडे आत असते. दार कधीही लावून घेत नाही. बाहेर पडता येते हे माहीत असले की आत बसणे सोपे जाते. गेल्या वर्षभरात ती कसलाही आवाज नसताना दुपारच्या झोपेलाही तिथे जाऊ लागली आहे, आणि याचा मला फार आनंद वाटतो.

सणाच्या दिवसांची व्यवस्था थोडक्यात सांगते. लक्ष्मीपूजनाला तिचे संध्याकाळचे फिरणे आम्ही साडेचारला उरकतो, उजेड असताना, आणि त्या आठवड्यात गळ्यात पट्टा व अंगावर हार्नेस असे दोन्ही घालून दोन्हींना दोरी लावतो. पट्ट्यावर फोन क्रमांक कोरलेला बिल्ला असतो. सहा वाजता पोटभर जेवण होते. त्यानंतर कोणीतरी एक जण कोठीत बसतो आणि बाहेर दणका झाला की लगेच, न चुकता, एक तुकडा देतो. याला सराव लागत नाही, म्हणून उशिरा जागे झालेल्यांनाही मी हेच सांगते. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठाच्या श्टेफानी रीमर यांनी हजाराहून अधिक पालकांकडून माहिती घेऊन २०२० मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दणक्यानंतर लगेच खाऊ किंवा खेळ देण्याचा उपाय करून पाहिलेल्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांनी त्याचा उपयोग झाल्याचे सांगितले होते. कुत्रे तुकडा तोंडातच घेत नसेल, तर मात्र भीती खाण्याच्या पलीकडे गेली आहे असे समजावे आणि नुसते जवळ बसावे.

खाऊवरून एक सावधगिरी. आपल्या जिल्ह्यात बेदाणे घराघरांत असतात आणि लहान मुले मायेने मूठ पुढे करतात. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना अपाय करू शकतात, कधीकधी थोड्याच प्रमाणातही, आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही. दिवाळीच्या फराळाच्या ताटात बेदाणे आणि चॉकलेट दोन्ही असतात. ते ताट उंचावर ठेवावे.

औषधाविषयी लोक दबक्या आवाजात विचारतात, जणू गोळी देणे म्हणजे हार मानणे. सोनीला पहिली दोन वर्षे दिवाळीत गोळी होती आणि तिच्यामुळेच सरावाला पाय रोवता आले. कोणती गोळी आणि किती, हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ते कुत्र्याचे वजन, वय, यकृत आणि हृदय पाहून पशुवैद्यच ठरवतात. एवढे मात्र सांगते, की गोळी आवाज सुरू होण्याआधी द्यायची असते आणि तिची चाचणी एखाद्या शांत दिवशी आधीच करून पाहायची असते. अ‍ॅसेप्रोमॅझिन नावाचे जुने गुंगीचे औषध एकटे दिले जात असेल तर पशुवैद्यांशी पुन्हा बोलावे. त्याने शरीर ढिले पडते, पण भीती आत तशीच राहू शकते, आणि पडून राहिलेले कुत्रे शांत झाले असे आपल्याला वाटते. माझ्या सज्जातल्या चुकीसारखेच ते आहे. स्वतःच्या घरातल्या झोपेच्या गोळ्या तर कधीच देऊ नयेत. ज्यांना जवळपास कोणी जाणकार सापडत नसेल त्यांच्यासाठी, शेजारच्या सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

शेजाऱ्यांशी बोलणे हाही उपायच आहे, आणि मला वाटले होते त्याहून तो सोपा निघाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीत फटाके वाजवण्यासाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली आणि फटाक्यांच्या माळांवर बंदी घातली, हे बोळातल्या बहुतेकांना ऐकून माहीत होते. पण नियम सांगत गेले असते तर दारे बंद झाली असती. मी होडीखाली सापडलेल्या सोनीची गोष्ट सांगितली. आता समोरच्या वाड्यातली मुले माळ लावायची झाली तर घाटाकडे जातात. संस्थानच्या गणपतीचे पाचव्या दिवशी विसर्जन असते, त्या दिवशी गर्दी आणि वाद्ये असणारच, आणि ती असावीत असेच मलाही वाटते. आमच्या भागातल्या मंडळाची मुले एवढेच करतात की, आपले पथक निघण्याआधी अर्धा तास फोन करतात. तेवढा अर्धा तास आम्हाला पुरतो.

ज्यांना कोठी नाही अशी चार कुत्री आमच्या बोळात आहेत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आम्ही जिन्याखालचे दार उघडे ठेवतो, आत पोती अंथरतो आणि पाण्याची पाटी भरून ठेवतो. पहिल्या वर्षी एकच काळी कुत्री आली होती. गेल्या वर्षी चारही आत होती, आणि सकाळी रांगोळी काढायला मी दार ओलांडले तेव्हाही झोपलेली होती.

सोनी बरी झाली का, असे कोणी विचारले तर मी नाही म्हणते. गेल्या लक्ष्मीपूजनाला ती कणगीमागे थरथरत होती, पण पहिल्या तासानंतर थरथर थांबली, तिने तुकडे घेतले आणि साडेनऊच्या सुमारास सासूबाईंच्या मांडीवर हनुवटी टेकून डोळे मिटले. त्या जपमाळ घेऊन तिच्याशेजारी पाटावर बसल्या होत्या. एका हाताने मणी ओढत होत्या आणि दुसरा हात सोनीच्या पाठीवर फिरत होता.

आज सकाळी स्पीकरचा आकडा ३ वर नेला आणि ढोलाचा आवाज लावला. सोनीचा डावा कान आवाजाकडे वळला, मग तिने माझ्या हाताकडे पाहिले. चार तुकडे खाल्ले. पाचव्या वेळी जीभ एकदा ओठावरून फिरली, म्हणून मी थांबले आणि वहीत तसे लिहून ठेवले. उद्या २ वर परत येणार आहे.